मनाने खुर्ची चालवायची: ८ चॅनेलच्या ईईजीवर नियंत्रण कसं बसवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एडीएस१२९९ चिपवरचा ८ चॅनेलचा ईईजी बोर्ड (डोक्यावरून मेंदूचे विद्युत संकेत टिपणारा) आहे. डावा हात, उजवा हात, पाय आणि जीभ हलवण्याच्या चार कल्पनांवरून इलेक्ट्रिक व्हीलचेअर डावीकडे, उजवीकडे, पुढे आणि मागे न्यायची आहे. नोंदवून ठेवलेल्या डेटावर क्लासिफायर (कोणती कल्पना चालू आहे ते ओळखणारा प्रोग्रॅम) ८८ टक्के अचूकता दाखवतो, पण प्रत्यक्ष बसल्यावर खुर्ची मनाला येईल तशी वळते. अशा वेळी कंट्रोल स्ट्रॅटेजी कोणती घ्यावी?

आधी उत्तर देतो, मग कारणं. चार कल्पनांना चार दिशा जोडण्याचा बेत सोडून द्या. कुठे जायचं एवढंच मेंदूकडून घ्या, कसं जायचं ते खुर्चीवरच्या सेन्सरांवर सोपवा. आणि त्या ८८ टक्क्यांवर तूर्त विसंबू नका.

हिशेब मांडून बघा. मेंदू-यंत्र जोडणीचे संशोधक वोल्पॉ यांचं माहितीच्या वेगाचं सूत्र लावलं, तर दोन पर्याय आणि ८० टक्के अचूकता असताना एका निवडीतून फक्त ०.२८ बिट हाती लागतो. सूचना, कल्पना आणि थोडी उसंत मिळून एक निवड ८ सेकंदांची धरली, तर मिनिटाला जेमतेम २ बिट. चार पर्याय आणि ७० टक्के अचूकता असेल तर निवडीला ०.६४ बिट, म्हणजे मिनिटाला पाचही नाहीत. जॉयस्टिकवरचा हात एका सेकंदात कितीतरी बारीक दुरुस्त्या करतो, आपल्याला लक्षातही येत नाहीत. इतक्या तुटपुंज्या शिदोरीवर 'थोडं उजवीकडे, आता सरळ, अरे जास्त झालं' असा खर्च परवडत नाही. तीच निवड 'स्वयंपाकघर' या शब्दावर खर्च केली तर एका निवडीत दहा मीटरचा प्रवास होतो. पहिल्या पद्धतीला प्रोसेस कंट्रोल म्हणतात, दुसरीला गोल सिलेक्शन, म्हणजे फक्त मुक्काम निवडणं. दोन्हींच्या मध्ये शेअर्ड कंट्रोल येतं: माणूस 'डावीकडे' एवढंच सुचवतो आणि लायडार (लेझरने अंतर मोजणारा) किंवा अल्ट्रासोनिक सेन्सर पाहून खुर्ची ते वळण भिंतीला न घासता घेते. नव्या माणसाने गोल सिलेक्शनपासून सुरुवात करावी, हे माझं ठाम मत.

आता ८८ टक्के कुठून आले ते बघू, कारण ही चूक फार घरांत सापडते. २ सेकंदांची विंडो (डेटाचा तुकडा) ०.१ सेकंदाने सरकवत नेली, तर शेजारच्या दोन विंडोंमध्ये ९५ टक्के डेटा एकच असतो. त्या सगळ्या पिसून काही ट्रेनिंगला आणि काही टेस्टला दिल्या, की क्लासिफायर पाठ केलेलंच परत लिहितो. एका ट्रायलच्या, म्हणजे कल्पनेच्या एका प्रयत्नाच्या, सगळ्या विंडो एकाच बाजूला राहायला हव्यात. त्याहून बरं म्हणजे पहिल्या तीन रनवर (सलग ट्रायलच्या फेऱ्यांवर) शिकवायचं आणि चौथ्यावर तपासायचं. सीएसपी फिल्टर (कल्पनांमधला फरक ठळक होईल अशी चॅनेलांची सरमिसळ) सगळ्या डेटावर बसवून मग वाटणी केली असेल, तर तीही गळतीच. तिसरी गोष्ट फिल्टरची. ऑफलाइन कोडमध्ये 'फिल्टफिल्ट' असेल तर तो सिग्नल पुढून आणि मागून असा दोनदा गाळतो, म्हणजे भविष्यातले सॅम्पलही वापरतो. थेट चालवताना भविष्य उपलब्ध नसतं. दोन्हीकडे एकच एकदिशा फिल्टर ठेवा. ८ ते ३० हर्ट्झचा चौथ्या ऑर्डरचा बटरवर्थ पुरतो.

सगळ्यात लबाड शत्रू म्हणजे डोळे. पडद्यावर डावा बाण आला की नजर नकळत डावीकडे सरकते, आणि क्लासिफायर कल्पना न शिकता नजर शिकतो. खुर्चीवर बसल्यावर बाण नसतो, मग सगळं कोसळतं. तपासायची सोपी युक्ती: तोच क्लासिफायर फक्त ०.५ ते ४ हर्ट्झच्या डेटावर चालवा. तिथेही डावं-उजवं चांगलं ओळखू आलं, तर नजर घुसली आहे असं समजा. सूचना पडद्याच्या मध्यभागी अक्षराने द्या किंवा आवाजाने द्या. सीएसपीचे पॅटर्न डोक्याच्या नकाशावर काढूनही बघा. ते सी३ आणि सी४ भोवती, म्हणजे डोक्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना हातांच्या हालचालीच्या भागावर, दिसायला हवेत. कानाजवळच्या किंवा कपाळावरच्या इलेक्ट्रोडवर भार दिसला तर ते जबड्याचे आणि भुवयांचे स्नायू आहेत.

नशिबाचा वाटाही कमी लेखू नका. दोन पर्यायांच्या २० ट्रायलपैकी १४ बरोबर आल्या, म्हणजे ७० टक्के, तरी नुसत्या नाणेफेकीतही असं घडण्याची शक्यता ५ टक्क्यांहून जास्त आहे. त्या रेषेच्या पलीकडे जायला १५ लागतात. प्रत्येक वर्गाच्या निदान ४० ट्रायल घ्या, चार रनमध्ये विभागून, मध्ये दोन-तीन मिनिटं उसंत देऊन.

एवढं सगळं दुरुस्त केल्यावर अचूकता ६५-७० वर आली तर खचू नका. तोच तुमचा खरा आकडा.

पण खुर्ची मनाला येईल तशी वळण्यामागचं मुख्य कारण याहून वेगळं आहे. तुमच्या क्लासिफायरला 'काहीच नको' हे उत्तर शिकवलेलंच नाही. चार वर्गांपैकी एक त्याला निवडावाच लागतो. माणूस खिडकीबाहेर बघत असला, कुणाशी बोलत असला, तरी तो डावं-उजवं सांगतच राहतो. सेकंदाला १६ निर्णय होत असतील तर मिनिटाला ९६० होतात. चुकीचा होकार फक्त १ टक्का धरला तरी दर मिनिटाला नऊ-दहा वेळा खुर्ची विनाकारण हलेल. प्रयोगशाळेतल्या, सूचना आल्यावरच कल्पना करायच्या चाचणीत हे कधीच दिसत नाही.

यावर उपाय म्हणजे पुरावा साठवणं. प्रत्येक नव्या निर्णयाला थेट आज्ञा मानायचं नाही. जुन्या संभाव्यतेला ०.९६ ने गुणा, नव्या संभाव्यतेला ०.०४ ने गुणा, आणि बेरीज हीच चालू संभाव्यता. सेकंदाला १६ निर्णय असताना या गाळणीचा टाइम कॉन्स्टंट साधारण दीड सेकंद येतो. ही बेरीज ०.८ सारखा थ्रेशोल्ड (उंबरठा) ओलांडेल तेव्हाच आज्ञा सोडा, लगेच बेरीज पुन्हा ०.५ वर (दोन पर्याय धरून) आणा, आणि पुढचे २ सेकंद कान बंद ठेवा. दोन्ही बाजूंचे थ्रेशोल्ड वेगवेगळे असू द्या, कारण बहुतेकांची एक बाजू आपोआप जड असते. थ्रेशोल्ड ठरवण्यासाठी माणसाला पाच मिनिटं गप्पा मारू द्या, पाणी पिऊ द्या, इकडेतिकडे बघू द्या, आणि त्या रेकॉर्डिंगवर एकही आज्ञा सुटणार नाही इतका तो वर न्या. मग कल्पनेच्या रेकॉर्डिंगवर किती आज्ञा उरतात ते मोजा. एकही उरली नाही, तर त्या माणसासाठी तो सिग्नल खुर्चीच्या कामाचा नाही. काही लोकांना सुरुवातीला हा ताल अजिबात पकडता येत नाही, त्यात त्यांचा दोष नसतो.

ही सावधगिरी फुकट मिळत नाही, उशीर वाढतो. १ सेकंदाच्या विंडोचा अर्धा सेकंद, गाळणीचा दीड, बाकी वायरलेस आणि मोटर कंट्रोलर धरून सव्वादोन-अडीच सेकंद. खुर्ची सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे चालण्याच्या निम्म्याहून कमी वेगाने जात असली, तरी अडीच सेकंदांत सव्वा मीटर पुढे जाते. ८०-९० सेंटिमीटरच्या दारातून अशा उशिराने नेम धरता येत नाही. म्हणून 'थांब' ही आज्ञा मेंदूवर कधीही सोपवायची नाही. अडथळा दिसला की सेन्सर थांबवेल, सोबतच्या माणसाच्या हातात मोटरचा पुरवठा तोडणारं लाल बटण असेल, आणि ईईजीचा डेटा अर्धा सेकंद आला नाही किंवा एखादा चॅनेल सपाट झाला तर खुर्ची आपोआप उभी राहील. हे लाल बटण सॉफ्टवेअरमधून जात असेल तर ते बटण नव्हे. (एफटीडीआय कंपनीच्या चिपचा यूएसबी डोंगल वापरत असाल तर ड्रायव्हरमधला लेटन्सी टायमर मुळात १६ मिलिसेकंद असतो, तो १ वर आणा. उशीर फारसा घटत नाही, पण सॅम्पल ढिगाने न येता सरळ ओळीत येतात.)

आता सिग्नल कोणता घ्यायचा? ८ चॅनेलमध्ये चार कल्पना वेगळ्या करणं फार ओढाताणीचं आहे. त्यातही जिभेची कल्पना करता करता जीभ आणि जबडा खरोखरच हलतात आणि स्नायूंचा कचरा आत येतो. यादीतून निवड करायची असेल तर एसएसव्हीईपी, म्हणजे लुकलुकत्या प्रकाशाला मेंदूने दिलेला प्रतिसाद, घ्या. पडद्यावरच्या चौकोनांपैकी प्रत्येक चौकोन वेगळ्या वारंवारतेने लुकलुकतो, ज्याच्याकडे बघाल ती वारंवारता डोक्याच्या मागच्या भागात उमटते. शिकायला जवळजवळ वेळ लागत नाही. आठही इलेक्ट्रोड मागे लावा: ओ१, ओझेड, ओ२, पीओ३, पीओझेड, पीओ४, पीओ७, पीओ८. चार पर्याय, ९० टक्के अचूकता आणि ४ सेकंदांची निवड असली तर मिनिटाला २० बिट मिळतात, म्हणजे दोन कल्पनांच्या दसपट.

६० हर्ट्झच्या पडद्यावर वारंवारता मनाला येईल ती निवडता येत नाही. चालू-बंदचं एक आवर्तन पूर्ण फ्रेममध्येच बसायला हवं: ९ फ्रेमचं ६.६७ हर्ट्झ, ८ चं ७.५, ७ चं ८.५७, ५ चं १२. हे चार एकत्र चालतात, कारण कुणाचीही दुप्पट किंवा तिप्पट दुसऱ्यावर पडत नाही. ७.५ आणि १५ ही जोडी घेतली तर ७.५ चा दुसरा हार्मोनिक (दुप्पट वारंवारता) थेट १५ वर येतो आणि क्लासिफायर गोंधळतो. १० हर्ट्झ टाळलेलं बरं, डोळे जरा जड झाले की अल्फा लय तिथेच उसळते. चारांहून जास्त पर्याय हवे असतील तर चालू-बंद सोडून प्रत्येक फ्रेमला चौकोनाचा उजेड साइन लहरीप्रमाणे बदला, मग ८.२ किंवा ९.४ सारख्या वारंवारताही मिळतात. २०१५ साली चिनी संशोधकांनी ८ ते १५.८ हर्ट्झच्या दरम्यान ०.२ च्या अंतराने ४० पर्याय बसवले, तेही ६० हर्ट्झच्याच पडद्यावर. लॅपटॉपचा रिफ्रेश रेट आपोआप कमीजास्त होण्याची सोय मात्र बंद करा, आणि एक फोटोडायोड पडद्याच्या कोपऱ्याला चिकटवून फ्रेम सुटत नाहीत ना ते तपासा. कुणालाही बसवण्याआधी फिट येण्याचा इतिहास विचारा. १५ ते २५ हर्ट्झची लुकलुक, विशेषतः लाल रंगाची, प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्यांना धोक्याची असते.

कोणत्या चौकोनाकडे बघताय ते ओळखण्यासाठी सीसीए (लहरींच्या दोन गटांतला सहसंबंध काढायचा प्रकार) पुरेसा आहे. प्रत्येक वारंवारतेच्या साइन-कोसाइनचे तीन हार्मोनिक घ्या, नजर वळल्यानंतरचे पहिले १४० मिलिसेकंद सोडा, आणि पुढच्या २ ते ३ सेकंदांच्या डेटाशी सहसंबंध काढा. इथे एक मेख आहे. ८ चॅनेल आणि ६ संदर्भलहरी असल्यावर तोकड्या विंडोमध्ये नुसत्या गोंगाटाशीही सहसंबंध बराच मोठा येतो. तेव्हा '०.३ च्या वर म्हणजे बघतोय' असले पुस्तकी आकडे वापरू नका. पडदा लुकलुकत असताना माणसाला दुसरीकडे बघायला लावा, त्यातले आकडे घ्या, आणि पहिल्या व दुसऱ्या क्रमांकाच्या सहसंबंधातल्या फरकावर थ्रेशोल्ड लावा.

एक स्पष्टच सांगतो. एसएसव्हीईपी नजरेवर चालतो. ज्यांचे डोळे नीट फिरतात त्यांच्यासाठी साधा आय-ट्रॅकर यापेक्षा वेगवान आणि कमी कटकटीचा आहे, आणि गालाचा एखादा स्नायू जरी हुकमी हलत असेल तर त्यावरचा ईएमजी (स्नायूंचा विद्युत संकेत) स्विच कुठल्याही ईईजीला मागे टाकतो. हालचालीच्या कल्पनेला अर्थ येतो तो नजर स्थिर राहत नाही तेव्हा, किंवा पक्षाघातानंतरच्या व्यायामात, जिथे ती कल्पना हाच उपचाराचा भाग असतो. तेव्हाही एकच आज्ञा ठेवा. दोन्ही पाय हलवल्याची कल्पना करायची आणि सोडायची. सोडल्यानंतर साधारण अर्ध्या ते एका सेकंदात सीझेडवर (डोक्याच्या मध्यावर) २० हर्ट्झच्या आसपास बीटा लय उसळते. सीझेडमधून आजूबाजूच्या चार इलेक्ट्रोडची सरासरी वजा केली की ही उसळी स्वच्छ दिसते. पर्याय एकेक करून उजळत जातील, हवा तो उजळला की पायांची कल्पना, झाली निवड. प्रत्येक पर्याय ५ सेकंद तरी उजळलेला ठेवा, नाहीतर उशिरामुळे नेहमी पुढचाच निवडला जाईल. आणि कल्पना कशी करायची ते समजावून सांगा: पाय हलताना 'दिसणं' नको, टाचेला आणि पोटरीला ताण 'जाणवणं' हवं. पाय दिसल्याची कल्पना केली तर सीझेडवर फारसं काही उमटत नाही.

हे सगळं एका छोट्या स्टेट मशीनमध्ये बांधा. विश्रांतीत खुर्ची बंद आणि पडदा स्थिर. एका आज्ञेने पडदा जागा होतो. मग ठिकाणाची निवड. मग खात्री: 'स्वयंपाकघर?' असं विचारून हो-नाही. मग प्रवास. प्रवासात पडदा लुकलुकत ठेवायचा नाही, माणसाला रस्ता बघू द्यायचा. खात्रीच्या पायरीने चार-पाच सेकंद जातात, पण चुकीच्या खोलीत जाऊन परत यायला दोन मिनिटं लागतात.

खात्रीऐवजी एरर पोटेन्शियल वापरा असा सल्ला तुम्हाला मिळेल. यंत्र चुकलं हे दिसताच मेंदूत उमटणारा प्रतिसाद पकडायचा आणि आज्ञा परत घ्यायची. हा सल्ला गणित करून मगच घ्या. पकड दोन्ही बाजूंनी ८० टक्के धरू. मूळ अचूकता ७० असेल तर १०० निवडींत ५६ बरोबर टिकतात आणि ६ चुका उरतात; एकेक चूक खोडायला एकेक निवड धरली तर निव्वळ ५०, त्याशिवाय ४०. फायदा झाला. पण मूळ अचूकता ९० असेल तर ९० बरोबरपैकी १८ विनाकारण रद्द होतात, निव्वळ हाती ७० उरतात, त्याशिवाय ८० मिळत होते. चांगल्या चालणाऱ्या यंत्रणेला हे औषध बाधतं.

कॅलिब्रेशन रोज लागेल. टोपी अर्धा सेंटिमीटर सरकली, जेल सुकलं, झोप कमी झाली, की वैशिष्ट्यांचा सगळा ढग एका बाजूला सरकतो. अख्खा क्लासिफायर पुन्हा शिकवायची मात्र गरज नसते. सुरुवातीला दोन मिनिटं शांत बसवून रेकॉर्ड करा आणि कोव्हेरिअन्स (चॅनेल एकमेकांसोबत किती हलतात ते आकडे) त्या सरासरीभोवती आणून ठेवा, किंवा एलडीएचा (साध्या सरळरेषी क्लासिफायरचा) फक्त बायस हळूहळू सरकवा, ट्रायलमागे ०.०५ च्या वजनाने. याहून जोरात सरकवलात तर माणूस यंत्राशी जुळवून घेतोय आणि यंत्र माणसाशी, दोघं एकमेकांच्या मागे फिरत बसतात. आणि हे सरकवणं विश्रांतीच्या काळात बंद ठेवा, नाहीतर यंत्र रिकाम्या बसण्यालाच मध्यबिंदू मानायला लागेल.

इलेक्ट्रोडबद्दल दोनच गोष्टी. आदल्या रात्री डोकं धुवायला सांगा, आणि त्या दिवशी खोबरेल तेल नको. तेलावर जेल बसत नाही आणि इम्पीडन्स (त्वचा आणि इलेक्ट्रोडमधला विद्युत अडथळा) १० किलोओहमच्या खाली उतरत नाही. बोर्ड बॅटरीवर चालवा, लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा, मोटरच्या वायरी टोपीच्या केबलपासून लांब न्या. ५० हर्ट्झचा नॉच फिल्टर (घरच्या विजेचा गोंगाट गाळणारा) शेवटी लावा. आधी लावला तर बिघाड दिसतच नाही.

खुर्चीसोबत बोलण्याचा पाट (अक्षरं निवडून लिहायचा पडदा) हवा असेल, तर इंग्रजी स्पेलरची ६×६ चौकट जशीच्या तशी देवनागरीला लावू नका, मात्रांसाठी जागाच उरत नाही. ८ चौकोनांची दोन पायऱ्यांची मांडणी आपल्या वर्णमालेत छान बसते. पहिल्या पानावर कवर्ग, चवर्ग, टवर्ग, तवर्ग, पवर्ग, 'य र ल व', मात्रा आणि खोडा. दुसऱ्या पानावर त्या वर्गातली अक्षरं आणि परत. उष्म वर्ण उच्चाराच्या जागेप्रमाणे वाटून टाका: ह कवर्गात, श चवर्गात, ष टवर्गात, स तवर्गात. मग शेवटच्या पानावर य, र, ल, व, ळ, रिकामी जागा आणि परत एवढंच राहतं. मात्रांच्या पानावर ा, ि, ी, े, ो, अनुस्वार, हलन्त आणि 'आणखी'. उरलेल्यांपैकी नेहमी लागणाऱ्या मात्रा, अ आणि परत हे 'आणखी'मध्ये. शब्दाच्या सुरुवातीला किंवा स्वरानंतर मात्रा आली तर सॉफ्टवेअरने तिचा स्वर करावा, म्हणजे आ-ई वेगळे ठेवावे लागत नाहीत. क्ष आणि ज्ञ हलन्ताने जोडले जातात, तेव्हा कुणी वापरत नाही म्हणून ञ काढून टाकू नका.

या पाटावर 'पाणी' लिहायला चार चिन्हं, आठ निवडी, निवडीला ४ सेकंद धरले तर ३२ सेकंद लागतात. 'पाणी', 'कूस बदला', 'दुखतंय', 'कफ काढा' हे चार चौकोन या पाटाच्याही आधीच्या पानावर ठेवा, ४ सेकंदांत काम होतं.